दार आत उघडणारी खोली

पश्चिमेचं आभाळ हिरवट पडलं आणि वादळाचा भोंगा वाजायला लागला, की आमच्या लुक्सी क्रीक गावची सगळी माणसं जवळच्या तळघराकडे पळायची. माझी सोफिनामावशी मात्र बेडरूममध्ये जाऊन पलंगावरची गादी ओढायला लागायची.

गादी ओढत ती मधल्या बोळात आणायची. तिथे आयशमकाका आधीच भिंतीला पाठ लावून बसलेले असायचे. मावशी त्यांना खेटून बसायची, गादी दोघांच्या डोक्यावर घ्यायची आणि वर हात धरून ठेवायची. मग वाट बघायची. टोर्नेडो बाजूने निघून गेला, की गादी परत पलंगावर. मावशी चादर नीट करायची आणि काही झालंच नाही अशा थाटात चुलीवर मक्याची पेज ठेवायची.

लग्न झाल्यापासून त्यांचं हे असंच चाललं होतं. आम्हा चॉक्टॉ जमातीच्या लोकांना ओक्लाहोमाच्या या डोंगरांत वादळं काही नवी नाहीत. पण कागदाच्या पुठ्ठ्यासारख्या भिंतींच्या घरात डोक्यावर गादी घेऊन बसणारी म्हातारी जोडपी आता राहिली नव्हती. आईने किती वेळा सांगितलं, मी सांगितलं, चर्चच्या पास्टरांनी सांगितलं. मावशी हसून म्हणायची, "अगं, गादी चांगली जाड आहे."

मावशी शाळेच्या स्वयंपाकघरात मुख्य होती. गावातल्या दोन पिढ्या तिच्या हातचं खाऊन मोठ्या झाल्या, त्यामुळे सगळं गाव तिला पोकनीच म्हणायचं, म्हणजे आजी. आवाज असा, की चर्चमध्ये भजन सुरू झालं की बाहेर गाडीत बसलेल्यालाही कळावं सोफिना आली आहे. काका तिच्या अगदी उलट. लाकडाच्या गिरणीत आयुष्य गेलं, भुशाने छाती धरली, गुडघे गेले, आणि बोलणं तर मुळातच कमी. दिवसातून दहा वाक्यं बोलले तर मावशी म्हणायची, "आज काय, भाषण आहे वाटतं?"

काका तळघरात का जात नाहीत, हे मला मावशीने एकदा द्राक्षांच्या रसात कणकेचे गोळे सोडता सोडता सांगितलं. ते सहा वर्षांचे असताना वादळ आलं. त्यांच्या आजीने त्यांना उचललं आणि टेकडीत खणलेल्या दगडी तळघरात नेलं. भाज्यांच्या बरण्या ठेवायची जागा ती. दार वर, बाहेरच्या बाजूला उघडणारं. त्या दारावर ओकची फांदी पडली. वादळ गेलं, पण पाऊस थांबला नाही, ओढ्याचं पाणी आत शिरायला लागलं. आजीने नातवाला खांद्यावर बसवलं. पाणी तिच्या छातीपर्यंत आलं. काका वरून दोन्ही हातांनी दार ढकलत राहिले आणि दार हललं नाही. सकाळी माणसं कुऱ्हाडी घेऊन आली तेव्हा दोघंही जिवंत होती. आजी त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. पण तो मुलगा पुन्हा जमिनीखाली उतरला नाही. दवाखान्यात गेले तरी काका लिफ्टमध्ये शिरत नसत. तसले गुडघे घेऊन जिना चढत.

"मग तू तरी जात जा ना," मी मावशीला म्हणाले. "शेजारच्या लिओलाचं तळघर हाकेच्या अंतरावर आहे."

"गेले होते की एकदा. नवीन लग्न झालं होतं. त्यानेच ढकलून पाठवलं. बसले तिथे सगळ्यांच्या मध्ये. लिओलाने बिस्किटं दिली. म्हटलं, हा तिकडे एकटा बसलाय, आणि मी इथे बिस्किटं खातेय. उठले आणि निघाले."

"वादळात?"

"गारा पडत होत्या. कपाळावर हे एवढं टेंगूळ आलं. तो म्हणाला, वेडी आहेस का? म्हटलं, आहे. सरक तिकडे."

गेल्याच्या गेल्या वर्षी मे महिन्यात टोर्नेडो लिओलाच्या घरावरून गेला. लिओला तळघरात होती म्हणून वाचली. घराच्या जागी नुसतं जोत्याचं सिमेंट राहिलं. दुसऱ्या दिवशी आम्ही मदतीला गेलो. मी पत्रे गोळा करत होते. बघते तर मावशी कुंपणापाशी उभी. काटेरी तारेवर एक गादी लटकत होती, फाटलेली, आतला कापूस भिजून खाली लोंबत होता. मावशी खूप वेळ तिच्याकडे बघत राहिली. मी हाक मारली तेव्हा "आले" म्हणाली आणि कामाला लागली, पण त्या दिवशी तिचा आवाज काही मला ऐकू आला नाही.

पुढच्या बुधवारी कम्युनिटी सेंटरमध्ये ज्येष्ठांचं जेवण होतं. जमातीच्या घरबांधणी खात्यातली ट्रेसा नावाची मुलगी तिथे आली होती. घरात वादळनिवारा बसवायला जमातीकडून अनुदान मिळतं, वयस्कांना आधी, असं ती सांगत होती. मावशीने तिचं बोलणं पुरं होऊ दिलं नाही. "मला हवाय," म्हणाली. "कुठे सही करायची?" जेवणाचा हात पुसून तिथल्या तिथे तिने अर्ज भरला. जमातीचं ओळखपत्र, जमिनीचा कागद, सगळं मीच नंतर गाडीतून नेऊन दिलं.

"काकाला बोलू नकोस," मावशी मला म्हणाली. "वेळ बघून मी सांगते."

ती वेळ तिला सापडलीच नाही. उन्हाळा गेला, नाताळ गेला, आणि जानेवारीत एका सकाळी ठेकेदाराचा माणूस आला. बर्ल नाव त्याचं, आमच्यातलाच. स्वयंपाकघराच्या मागे त्याने नारिंगी रंगाने जमिनीवर लांबट चौकोन आखला. काका ओट्यावर बसून बघत होते.

"काय पुरताय?" काकांनी विचारलं.

"निवारा, काका. सात फूट खाली जाणार. एकदम भक्कम."

काकांनी टोपी घेतली, अंगणात उभ्या असलेल्या आपल्या जुन्या ट्रकमध्ये जाऊन बसले, काचा खाली केल्या. दुपारच्या जेवणाला आले नाहीत. बर्ल घाबरून गेला, "मी काही चुकीचं बोललो का?" म्हणाला. मावशीने त्याला परत पाठवलं आणि मला फोन केला. मी गेले तेव्हा ती ताट वाढून ट्रककडे निघाली होती. मी ओट्यावरच थांबले, पण तिचा आवाज तो. सगळं ऐकू येत होतं.

"जेव."

"थडगं खणतेयस माझं?" काका म्हणाले.

"तुझं कशाला? माझं. मी जाणार खाली. तू बस गादी घेऊन."

"जा की. इतकी वर्षं तेच सांगतोय."

"हो, आणि मी गेले का कधी? सांग ना, गेले?"



"विचारलं नाहीस मला," काका म्हणाले.

"नाही विचारलं. विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास."

"म्हणालो असतो."

"मग?" मावशीचा आवाज एकदम खाली आला. मी तो तसा कधी ऐकला नव्हता. "आयशम, मरायची भीती मला नाही वाटत. मला एकच भीती वाटते. वादळ जाईल, मी गादी बाजूला करीन, तुला हाक मारीन, आणि तू बोलणार नाहीस. तसाही तू बोलत नाहीस, मला कळणार कसं?"

काकांना हसू आलं असावं, कारण ताट आत घेतल्याचा आवाज आला. जेवले. रिकामं ताट खिडकीतून परत दिलं.

"पण खाली नाही," म्हणाले.

"बरं. खाली नाही."

दुसऱ्या दिवशी मावशीने निवारा रद्द करायला ट्रेसाला फोन लावला.

"रद्द कशाला?" ट्रेसा म्हणाली. "काकांना जिना उतरता येत नाही ना? त्यांच्यासाठी जमिनीवरची खोली असते. पोलादाची. सिमेंटच्या लादीला बोल्टांनी जखडतात. जिना नाही, उतरणं नाही."

"अगं मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"पोकनी, तुम्ही मला बोलू कुठे दिलंत?"

मंजुरी बदलायला थोडे दिवस लागले. तोवर चर्चमधल्या पुरुषांनी लादी घालायचं ठरवलं. काका खुर्ची टाकून बघत बसले होते, पण फळ्या वाकड्या लागताना दिसल्यावर त्यांना राहवेना. उठले, सपाटी बघायची लेव्हल हातात घेतली, आणि मग दिवसभर सगळ्यांना उठाबशा काढायला लावल्या. "कोपरा उचल. अजून. अजून. आता फार झाला." भाषण चालू आहे, मावशी सगळ्यांना कॉफी देत सांगत होती.

खोली ट्रकवरून आली. खोली म्हणजे काय, राखाडी पोलादाचं मोठं कपाट. आत दोन बाजूंना बसायचे बाक, वर हवेसाठी भोकं, चार जण जेमतेम मावावेत एवढी जागा.

"कोंबड्या ठेवायचं शीतघर," काका म्हणाले.

बर्लने बोल्ट आवळले, तेव्हा काकांनी त्याला आत जायला लावलं. दार लाव म्हणाले. आता उघड. दार आतल्या बाजूला उघडत होतं, आतून एकच लांब मूठ ओढली की तिन्ही कड्या सुटत होत्या.

"पुन्हा."

बर्लने पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं.

"बाहेर झाड पडलं तर?"

"पडू दे, काका. दार आत येतं ना. झाड बाहेर राहील, दार आत."

"पुन्हा दाखव."

बर्ल बिचारा शांत स्वभावाचा. किती वेळा आतबाहेर केलं असेल त्याने. शेवटी काकांनी मान हलवली, त्याच्याशी हात मिळवला, याकोके म्हणून आभार मानले आणि घरात निघून गेले. त्या पोलादी खोलीत पाऊल टाकलं नाही.

मावशीने आग्रह केला नाही. ती दुपारची कॉफी घेऊन त्या खोलीत जाऊन बसायला लागली. दार सताड उघडं. शेंगा सोलायच्या, फोनवर बहिणींशी बोलायचं, सगळं तिथे. काका बाहेर खुर्चीवर.

"आत एकटी काय करतेस?" ते विचारायचे.

"गारवा आहे," मावशी म्हणायची. फेब्रुवारीत!

खुर्ची हळूहळू दाराजवळ सरकली. मग पाय उंबरठ्याच्या आत आले. एक दिवस भुरभुर पाऊस आला आणि काका खुर्ची उचलून सरळ आत जाऊन बसले, दाराला लागून. मावशीने वर बघितलंसुद्धा नाही. शेंगा सोलत राहिली. मला हे तिने सांगितलं तेव्हा म्हणाली, "श्वास धरून बसले होते गं. ससा अंगणात आला की आपण बसतो ना, तशी."

मार्च संपता संपता काका म्हणाले, "दार लावून बघू. पण मूठ माझ्या हातात."

"तुझ्याच हातात. मला कुठे हवीय?"

चर्चमधल्या भजनाचं एक कडवं संपेपर्यंत दार लावायचं, असं ठरलं. मावशी गायली. नेहमीपेक्षा जरा भरभर गायली म्हणे. कडवं संपलं, काकांनी मूठ ओढली, बाहेर आले. शर्ट पाठीला चिकटला होता. मावशी हसली नाही, शाबासही म्हणाली नाही.

"कॉफी गार झाली," म्हणाली. "नवी करते."

रोज एक कडवं. मग दोन.

वादळ एप्रिलच्या शेवटी आलं, दुपारी, शाळा नुकती सुटलेली. मी दवाखान्यात कामावर होते, आम्हाला सगळ्यांना एक्स-रेच्या खोलीत कोंबलं होतं. त्यामुळे इथून पुढचं मी दोघांकडून ऐकलेलं आहे. मावशीकडून सविस्तर, काकांकडून तुकड्यातुकड्यांनी.

भोंगा वाजला. गादीला कोणी हात लावला नाही. दोघं मागच्या पोलादी खोलीत जाऊन बसली, काका दाराशी. दार अजून उघडं होतं, काका आभाळ बघत होते. तेवढ्यात त्यांना रस्त्यापलीकडची डेना वेस्ली दिसली. तरुण पोर, नवरा तेलाच्या विहिरींवर दूर कामाला, ट्रेलरच्या, म्हणजे चाकांवरच्या घरात दोन मुलांना घेऊन राहायची. ती मुलांना गाडीत घालत होती, शाळेच्या निवाऱ्यात न्यायला.

"वेळ नाही!" काका ओरडले. मावशी म्हणते, या माणसाला एवढा आवाज आहे हे मला म्हातारपणी कळलं. "इकडे ये! इकडे!"

डेना मुलांना घेऊन पळत सुटली. काका तसल्या गुडघ्यांनी फाटकापर्यंत गेले, तान्ह्या ओटिसला तिच्या हातातून घेतलं आणि सगळ्यांना आत लोटलं. दार लावलं. तिन्ही कड्या बसल्या.

डेनाची मुलगी टाली सात वर्षांची. दार लागल्याबरोबर तिने किंकाळी फोडली. "उघडा! मला बाहेर जायचंय! उघडा!" दोन्ही मुठींनी पोलादावर मारायला लागली. डेना तिला ओढत होती, बाळ रडत होतं, बाहेर वारा वाढत होता.

मावशी टालीकडे नाही, काकांकडे बघत होती. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं, डोळे दारावर. मावशीला वाटलं, आता हा उघडणार. पोरीसाठी नाही, स्वतःसाठी उघडणार. तिने त्यांच्या बाहीला हात घातला.

काका खाली वाकले.

"टाली," म्हणाले. "मलाही भीती वाटतेय."

पोरगी दचकून थांबली. "मोठ्या माणसांना नाही वाटत."

"मला वाटते. खूप. तुझ्याएवढा होतो तेव्हापासून. हे बघ, हात दे." त्यांनी तिचा हात दाराच्या मुठीवर ठेवला, वर आपला हात ठेवला. "ही मूठ कुठे आहे? आत का बाहेर?"

"आत."

"म्हणजे दार आपलं आहे. वाऱ्याचं नाही. आपण लावलंय, आपणच उघडायचं."

"कधी?"

"तू आणि मी ठरवू. बाकी कोणाला विचारायचं नाही."

"पोकनीला पण नाही?"

"तिला तर मुळीच नाही."

मग तो आवाज आला. तो ज्याने ऐकलाय त्याला सांगायला नको. कान बसले, पोलाद हुंकारायला लागलं, पायाखालची लादी थरथरली. मावशी गात होती, तिचं तिलाच ऐकू येत नव्हतं. बाहेरून काहीतरी जड येऊन आदळलं आणि सगळी खोली घुमली. टालीने काकांच्या पोटात तोंड खुपसलं, पण हात मुठीवरून काढला नाही.

आवाज दूर गेला. पाऊस तेवढा राहिला.

"आता?" टालीने विचारलं.

"जरा ऐकू. तुला काय वाटतं?"

"आता."

"ओढ तर मग."

दोघांनी मिळून मूठ ओढली. दार आत आलं, आणि दाराबरोबर पाइनच्या हिरव्या फांद्या आत घुसल्या, भिजलेल्या, राळेचा वास सुटलेला. अख्खं झाड दाराला आडवं पडलं होतं. काकांनी फांद्या दोन्ही हातांनी बाजूला केल्या, मधून डोकं घातलं.

"आभाळ दिसतंय," म्हणाले. आणि त्या झाडावरून, त्या गुडघ्यांनी, सगळ्यांच्या आधी बाहेर पडले. मग हात देऊन एकेकाला काढलं.

डेनाचा ट्रेलर गेला होता. त्याच्या लाकडी पायऱ्या तेवढ्या उभ्या होत्या, वर जायला काहीच नसलेल्या. मावशीच्या घराचं अर्धं छप्पर उडालं होतं. डेना पायऱ्यांकडे बघून रडायला लागली, तशी मावशीने तिला छातीशी धरलं आणि म्हणाली, "रड. सगळं रड. मग स्वयंपाकाला लागायचंय."

झाडं पडून रस्ता बंद झाला होता, म्हणून मी शेवटचा टप्पा चालत गेले. वाटेत मी काय काय डोळ्यांसमोर आणलं ते सांगत नाही. अंगणात पोचले तर काका उलट्या टबवर बसलेले, टाली त्यांच्या मांडीवर गाढ झोपलेली. त्यांनी मला बोटाने गप्प राहायची खूण केली. मी तिथेच खाली बसले आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडले. त्यांनी माझ्या केसांवर हात ठेवला. पोरगी उठू नये म्हणून दोघंही हललो नाही.

मागून मावशीचा आवाज आला, "आलीस? बरं झालं. पाव आहे का गं तुझ्याकडे?"

वीज गेली होती, फ्रीजरमधलं मांस टिकणार नव्हतं. तिने विटांची चूल मांडून सगळं शिजवायला काढलं होतं. संध्याकाळपर्यंत अर्धं गाव अंगणात. कोणी मीठ आणलं, कोणी कॉफी. लिओला तिच्या नव्या घरातून भांडी घेऊन आली. शाळेत ज्यांनी मावशीच्या हातचं खाल्लं होतं ते बापे पुन्हा रांगेत उभे राहिले, आणि ती त्यांना तशीच ओरडत होती, "ढकलू नका, सगळ्यांना मिळेल."

डेना आणि मुलं मावशीच्या घराच्या छप्पर असलेल्या भागात राहिली. जमातीच्या खात्याने मदत केली, ऑगस्टमध्ये जुन्याच जागेवर तिला नवं छोटं घर उभं राहिलं, मागे तसलीच पोलादी खोली. सामान न्यायला फारसं नव्हतंच, एका फेरीत सगळं गेलं. टाली जाताना ओट्यावरून दोनदा परत आली, एकदा चप्पल विसरली म्हणून, एकदा नुसतीच.

त्यानंतर घर फार शांत झालं. मावशीचा हात मात्र सवयीने जास्तच पडायचा. भांडं उतरवून बघायची आणि म्हणायची, "एवढं कोण खाणार आता?" काका उठायचे, टोपी घालायचे, भांड्यावर झाकण ठेवायचे, आणि फडक्यात धरून, सांडू नये म्हणून हळूहळू, रस्ता ओलांडून पलीकडे निघायचे. समोरच्या ओट्यावरून टालीची हाक यायची, "आमाफो आले! आजोबा आले!" मावशी खिडकीत उभी राहून ते पोचेपर्यंत बघत राहायची.